निर्दोष सुटलात? मग मुदत मोजा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

‘सर्व आरोपींची निर्दोष मुक्तता’ अशी बातमी येते आणि प्रकरण संपले असे सगळे धरून चालतात. खोट्या फिर्यादीत भरडलेल्या माणसाची मुदत मात्र त्याच दिवशी सुरू होते. द्वेषबुद्धीने खटला भरल्याबद्दल भरपाईचा दिवाणी दावा करायला मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ७४ नुसार निर्दोष सुटल्यापासून एकच वर्ष मिळते. समोरच्याने अपील केले म्हणून त्याच्या निकालाची वाट पाहत बसू नये.

बेकायदा अटकेचा दावा वेगळा. त्याचे एक वर्ष (अनुच्छेद ७३) कोठडीतून बाहेर पडल्यापासून मोजतात. जामीन मिळाला आणि खटला सहा वर्षे चालला, तर निकालाच्या दिवशी हा दावा केव्हाच मुदतबाह्य झालेला असतो. ही गोष्ट पक्षकाराला जामिनाच्या वेळीच सांगायला हवी, आणि ती सांगितली जात नाही.

पोलिसांना प्रतिवादी करायचे तर अडचण आणखी वाढते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ प्रमाणे अधिकाराच्या आवरणाखाली, म्हणजे आपल्या पदाचे काम म्हणून, केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांत दावा हवा आणि त्याआधी किमान एक महिन्याची नोटीस हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस शासनाला, म्हणजे सचिव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना, आणि संबंधित अधिकाऱ्यालाही द्यावी लागते. कबुलीसाठी मारहाण करणे हे अधिकाराचे आवरण नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे. तरीही त्या भरवशावर राहू नका, अटकेच्या तारखेपासून सहा महिने धरूनच चला. नोटिशीची स्थळप्रत (आपल्याकडे ठेवलेली प्रत) आणि रजिस्टर पोस्टाची पोचपावती दाव्याला जोडा. निव्वळ नोटिशीतल्या चुकीने दावे फेटाळले जातात.

सगळ्यात मोठा गैरसमज पुराव्याचा. निर्दोष ठरलो म्हणजे फिर्याद खोटी ठरली, असे होत नाही. ‘संशयाचा फायदा’ देऊन सोडले असेल तर दिवाणी न्यायालयात तो निकाल सुटका झाली एवढेच सांगतो. फिर्यादीला वाजवी व संभाव्य कारण नव्हते, मनात द्वेष होता आणि नुकसान झाले, हे वादीलाच नव्याने सिद्ध करावे लागते. नुसती खबर दिली म्हणून कोणी खटला भरला असे ठरत नाही. माहिती खोटी आहे हे ठाऊक असताना ती देणे, साक्षीदार उभे करणे, तपासामागे लागणे हे दाखवावे लागते. बेकायदा अटकेत उलट आहे. अटक झाली एवढे दाखवले की ती कायदेशीर होती हे सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर जातो. मात्र दंडाधिकाऱ्यांनी रिमांड दिल्यानंतरची कोठडी सहसा त्यात धरली जात नाही.

म्हणून कागद पहिल्या आठवड्यातच गोळा करा. अटक पंचनाम्यावरची वेळ, स्टेशन डायरीतली (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतली) नोंद आणि रिमांड अर्जातली वेळ शेजारी ठेवून वाचा. आदल्या रात्री उचलून दुसऱ्या दिवशी दुपारी अटक दाखवली असेल, तर ते इथेच उघडे पडते. ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण १८ महिने ठेवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. ते जपून ठेवण्याची मागणी लगेच लेखी करा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात हजर राहण्याची नोटीस न देता थेट अटक केली असेल, तर तिची कारणे नोंदली आहेत का तेही पाहा. वकिलाच्या फीच्या पावत्या आणि बुडालेल्या पगाराचा दाखला नसेल तर भरपाईचा आकडा हवेतच राहतो. कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर लागते, त्यामुळे उगाच कोटींचा दावा करू नये.

विनाकारण अटक करवली म्हणून, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९९ खाली दंडाधिकारी भरपाई देऊ शकतात, तिची कमाल मर्यादा आहे एक हजार रुपये. नव्या संहितेतही हा आकडा तसाच ठेवला, हे अन्यायाचे आहे. तो वाढवावा. आणि जामिनाच्या आदेशासोबत व निर्दोष मुक्ततेच्या निकालासोबत या मुदतींची मराठी चिठ्ठी विधी सेवा प्राधिकरणाने प्रत्येकाच्या हातात द्यावी.

आपला,
एक दिवाणी वकील, सातारा