बार्शी लाइटचं उरलेलं

बार्शी

चि. केदार यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, बार्शी लाइटचं संपलं. आता नवं काही सापडत नाही." पुढे गप्प झालास. मीही 'जेवलास का' एवढंच विचारून फोन ठेवला. तेव्हापासून ते वाक्य मनात घोळतंय. तुला बोलण्यापेक्षा लिहिलेलं सोसतं, म्हणून हे पत्र.

संपलं असेलही. मिरजेपासून लातूरपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरच्या अरुंद रुळांवरची ती छोटी रेल्वे, वीस वर्षं तरी किती पुरवणार? तू नऊ वर्षांचा असताना मी पोळ्या लाटायला बसले की ओट्याशी उभा राहून सांगायचास : 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आताची कुर्डुवाडी, ते बार्शी, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. रुळांमधलं अंतर अडीच फूट. चाकांच्या कुठल्याही जोडीवर पाच टनांहून जास्त भार नाही, म्हणून हलके, स्वस्त रूळ चालले. मला गणितात कधी गती नव्हती, पण हे आजही झोपेतून उठवून विचारलंस तर सांगेन.

आणि हे एकदा संपलंही होतं, आठवतं? तू दहावीत होतास. सगळी स्टेशनं झाली, सगळी इंजिनं झाली, आणि महिनाभर तू भिंतीकडे तोंड करून पडलेला. मग कुठून तरी तो कॅलथ्रॉप साहेब हाती लागला. ही रेल्वे बांधणारा. पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये याच मापाची लीक-मॅनिफोल्ड लाइन त्याच्या हातून झाली. 1904 ला सुरू झाली, 1934 ला बंदही पडली, आणि आता तिथं रूळ काढून लोक चालतात, सायकली फिरवतात. त्याचा मित्र, रोल्स-रॉइस मोटारींवाला रोल्स, 1910 साली विमान कोसळून गेला, तेव्हा हा पॅराशूटच्या मागे लागला. वर अरबी घोड्यांचा षौक. त्या वर्षी आपल्या घरात रेल्वेऐवजी पॅराशूट आणि घोडे नांदले. बाबा म्हणाले, आता घोडा मागू नकोस म्हणजे झालं.

एक सांगायचं राहिलंय. डॉक्टरांनी कागदावर 'स्वमग्न' लिहिलं, तेव्हा खाली लक्षणांच्या यादीत तुझी रेल्वेही होती. 'एकाच विषयात अति रस.' हा नाद कमी करा, असं आम्हाला सांगितलं गेलं. एका उन्हाळ्यात मी तुझ्या वह्या माळ्यावर पितळी घंगाळात लपवल्या. तू रडला नाहीस. फक्त जेवताना ताटातले घास मोजायला लागलास. आठव्या दिवशी मीच शिडी लावून वह्या खाली काढल्या. धूळ पुसून देताना माफी मागायला हवी होती, ती आज मागते.

तर आता काय, हे मलाही नीट कळत नाही. अण्णांना, तुझ्या आजोबांना, तू लहानपणी विचारलं होतंस, "हरिपाठ पाठ आहे ना, मग रोज का म्हणता?" ते म्हणाले होते, "नाही म्हटला तर रात्री जेवण जात नाही." तुला ते उत्तर पटलं नव्हतं. मलाही तेव्हा ते टाळल्यासारखंच वाटलं होतं. हल्ली तितकं वाटत नाही.

पण मला वेगळंच सुचलं. तू मला या गाडीबद्दल कितीतरी वेळा विचारलंस, आणि मी दर वेळी 'मला नाही आठवत' म्हणाले. कारण तू इंजिनाचा नंबर विचारायचास. नंबर कोण बघतंय? मी सात-आठ वर्षांची, आषाढीला अण्णांबरोबर पंढरपूरला निघालेली. मला आठवतं ते असं : खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यात कोळशाचा कण जायचा, आणि आजी पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ देऊन डोळ्याला लावायची. मामाकडे लातूरला जाताना येडशीच्या चढाला गाडी इतकी दमायची की पोरं उतरून बरोबर पळायची आणि पुन्हा चढायची. आणि डब्यात वारकरी इतके, की टाळ वाजवायला हात वर करावे लागायचे. तुझ्या कुठल्या वहीत हे आहे का? माझ्या माहितीप्रमाणे नाही.

शिवाय तुझ्या वह्यांत सगळं इंग्रजीत आहे, कारण पुस्तकं साहेबांची. पण कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात इंजिन उघडणारे साहेब नव्हते. मालडब्याला आपली माणसं वाघीण म्हणत, रूळ बदलतात त्या जागेला सांधा म्हणत, एवढं मलाही माहीत आहे. बाकीच्या शेकडो भागांना काय म्हणत? तुझ्या त्या लाडक्या आठ मोठ्या आणि चार लहान चाकांच्या इंजिनाला काही टोपणनाव होतं की नाही? मी तुला मागे विचारलं होतं, तू म्हणालास, "असं कुठे लिहिलेलं नाही." तेव्हा तू ते नाहीच असं समजून पुढे गेलास.

आपल्या गल्लीच्या टोकाला राहतात ना, ते पांढऱ्या टोपीचे आजोबा. भाजी घेताना काल बोलणं झालं, आणि कळलं की ते कुर्डुवाडीच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेत. इतकी वर्षं मी त्यांना नुसता नमस्कार करत होते! तुझं सांगितलं. "येऊ दे की, पण चारनंतर, आधी मी झोपतो," म्हणाले. मग कानाला हात लावून म्हणाले, "आणि त्याला म्हणावं मोठ्यानं बोल. बॉयलरवर हातोडे मारून मारून कान गेलेत माझे."

मोठ्यानं बोलणं तुला जमायचं नाही, आणि कुणी ओरडून बोललेलंही सोसायचं नाही. मी त्यांना म्हटलं, तो लिहून विचारेल, तुम्ही हळू सांगा. ते हसले, "वाचता येतं मला अजून, अक्षर मोठं काढ म्हणावं."

या रविवारी येणार असशील तर शनिवारी रात्रीच ये. जाड पेन इथे आहे, वही तुझी आण.

तुझी,
आई