नळी सांभाळणाऱ्या हातांचे आभार

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पलंगाच्या कडेला बसवायचं म्हणजे तीन-चार माणसं लागतात. फिजिओथेरपिस्टची फाइलवर सही तरी असते. श्वासाची नळी धरणाऱ्या सिस्टर, पाठीला टेकू देणारे मामा, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालीच राहील हे न सांगता बघणाऱ्या मावशी, यांचं नाव कुठेच नसतं. (पिशवी वर गेली की लघवी उलटी फिरते, संसर्गाला निमित्त.) रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली घसरला की ‘थांबा’ म्हणणारेही हेच. पुढे सीओपीडीवाल्यांच्या (फुप्फुसांच्या वाटा अरुंद होऊन कायमचा दम लागणाऱ्यांच्या) ६ मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीसाठी ३० मीटरचा कॉरिडॉर मोकळा करून खुर्ची हाताशी ठेवणारे, ‘नाकाने घ्या, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ सोडा’ हे न कंटाळता सांगणारे, सगळ्यांचे मनापासून आभार. घायकुत्या नातेवाइकांना गोडीत बाजूला नेल्याबद्दल विशेष!