ओसेडॅक्सला ‘झोंबी किडा’ म्हणू नये

महोदय,

समुद्रतळाशी देवमाशांची हाडे खाणाऱ्या ‘झोंबी किड्यां’विषयीचा मजकूर आपल्या अंकात वाचला. असा विषय मराठीत आला याचा आनंद झाला. पण हा प्राणी किडा नाही, अळीही नाही. तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले, म्हणून राहवले नाही. हा कृमी आहे, वलयी प्राण्यांच्या, म्हणजे कड्यांकड्यांचे शरीर असलेल्या प्राण्यांच्या संघातला (संघ म्हणजे प्राण्यांचा एक मोठा गट), आपल्या गांडुळाचा लांबचा भाऊबंद. देवमासा हा मासा नव्हे, हे आपण शाळेत मुलांकडून घोकून घेतो. मग त्याच्या हाडांवर जगणाऱ्याची जातकुळी सांगताना एवढी सैल भाषा का?

२००२ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे उपसागरात, २,८९१ मीटर खोलीवर, दूरनियंत्रित पाणबुडीला एका करड्या देवमाशाचा सांगाडा दिसला. हाडांवर लाल तुरेच तुरे डोलत होते. हाड वर आणून पाहिले, तर तुऱ्याखाली नळीतले शरीर आणि खालच्या टोकाला हाडात शिरलेली हिरवट मुळे. तोंड नाही, आतडे नाही. मुळे आम्ल सोडून हाड विरघळवतात आणि मुळांतल्या जिवाणूंच्या साथीने पोषण चालते. तपासलेला प्रत्येक प्राणी मादी निघाला. नर सापडले ते मादीच्याच नळीत, डझनांनी, सूक्ष्मदर्शकाखाली धरावे इतके लहान! राऊज, गॉफ्रेडी आणि व्रायनहुक या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये यातल्या दोन जातींचे वर्णन प्रसिद्ध केले.

याच्या कुळाला वलयी प्राण्यांत जागा सहज मिळालेली नाही, आणि मला ती गोष्ट शोधाइतकीच मोलाची वाटते. याचे नातेवाईक, केसासारखे बारीक नळीकृमी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होते. आम्ही शिकत होतो तेव्हा ‘पोगोनोफोरा’ हा त्यांचा स्वतंत्र संघ होता. कारण साधे होते: जाळ्यात येताना त्यांचे शेपटाकडचे टोक तुटून चिखलातच राहायचे. १९६४ मध्ये ते टोक हाती लागले, आणि त्यावर वलयी प्राण्यांची खूण असलेली वलये व राठ केस निघाले. गांडूळ कागदावरून सरकताना ज्यांची खरखर ऐकू येते, तसलेच केस. तरीही संघ मोडायला आणखी तीसेक वर्षे गेली. जनुकांचा पुरावा आल्यावर तो वलयी प्राण्यांतले एक कुळ म्हणून उरला. ओसेडॅक्सही त्याच कुळातला. तुटलेल्या शेपटाचा पाठपुरावा कोणी केला नसता, तर मॉन्टेरेचा हा प्राणी कोणत्या खणात ठेवायचा हेच कळले नसते.

म्हणून विनंती, यापुढे ‘कृमी’ लिहावे आणि नाव पूर्ण छापावे: ओसेडॅक्स. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘हाडखाऊ’ असा होतो, आणि तो शब्द कोणत्याही मराठी मुलाला न समजावता कळेल.

– एक निवृत्त प्राध्यापिका, कराड