संपादकांची पत्रे रद्दीत जाऊ देऊ नका

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या गावातील एका दिवंगत कथालेखकांच्या घरची रद्दी विकली गेली आणि तिच्यासोबत निरनिराळ्या वाङ्मयीन मासिकांच्या संपादकांनी त्यांना लिहिलेली पत्रेही गेली. मी पोहोचेपर्यंत हातगाडी निघून गेली होती. घरच्यांना दोष देववत नाही, कारण त्या पिवळ्या पडलेल्या आंतर्देशीय पत्रांत काय आहे, हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

माझी स्वतःची एक कथा, पुष्कळ वर्षांपूर्वी, एका संपादकांनी परत पाठवली होती. त्या कथेतला सालगडी, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, दिवाळीत काम सोडून निघून जातो. साल तर गुढीपाडव्याला फिटते, मग मधेच गेलेल्या या गड्याने आगाऊ घेतलेल्या उचलीचे काय झाले आणि मालकाने त्याला जाऊ तरी कसे दिले, असे त्यांनी पोस्टकार्डाच्या कडेला, जागा संपल्यामुळे आडव्या ओळींत, विचारले होते. शेतकऱ्याच्या घरात वाढूनही मला हा प्रश्न पडला नव्हता. त्या उचलीचा शोध घेता घेता कथा पार बदलली आणि तिसऱ्या खर्ड्यानंतर छापून आली. तो अंक आजही एखाद्या ग्रंथालयात सापडेल, परंतु ती कथा ज्या प्रश्नामुळे उभी राहिली, तो प्रश्न केवळ त्या कार्डावर आहे.

‘सत्यकथा’ हे मासिक १९८२ साली बंद पडले, तरी त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांच्या हस्तलिखितांवर किती कष्ट घेत, हे आजही आदराने सांगितले जाते. आपल्याकडे डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवून दलित लेखकांची एक पिढी लिहिती केली. अशा संपादकांची पत्रे मराठवाड्यातील किती घरांच्या माळवदाखाली, ट्रंकांत पडून असतील! शिवाय लेखकांची उत्तरे संपादकांच्या घरी राहतात, त्यामुळे एक बाजू गेली की उरलेली बाजूही अर्धीच कळते.

मराठवाडा साहित्य परिषद आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा मराठी विभाग यांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पत्राचा कागद ज्याला आला त्याचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे राहतो, म्हणून छापण्यापूर्वी परवानगी घ्यावीच लागेल. जपून ठेवण्यास आणि नोंद करण्यास मात्र ही अडचण नाही. मी एका ग्रंथालयात विचारून पाहिले, तेव्हा पुस्तकांखेरीज काही घेण्याची सोय नाही, असे उत्तर मिळाले.

माझ्याजवळची एकेचाळीस पत्रे, त्या पोस्टकार्डासह, मी आजच द्यायला तयार आहे. ती कोठे आणून द्यावीत, हे संबंधितांनी आपल्या वृत्तपत्रातून कळवावे.

आपला नम्र,
एक कथालेखक, अंबाजोगाई (जि. बीड)