राखेशेजारच्या हातपंपांसाठी डीएनएची पट्टी द्या

प्रति,
मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी कन्हान नदीकाठच्या एका गावात विज्ञान शिकवते. जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा राख तलावाचा बांध फुटला आणि राख नदीपर्यंत पोचली. तेव्हापासून इथे पाण्याबद्दल एकच प्रश्न विचारला जातो.

परवा जलसुरक्षक ताईंबरोबर हातपंपावर गेले होते. त्यांनी पेटी उघडली, नळीत खुणेपर्यंत पाणी घेतलं, थेंब मोजून टाकले, नळी रंगतक्त्याशी धरली. नायट्रेट ठीक, फ्लोराईड ठीक. घागर घेऊन उभ्या असलेल्या आजींनी विचारलं, “अन् राखेचं काय निघालं?” ताई गप्प झाल्या. राखेतून पाण्यात उतरू शकणारं शिसं किंवा पारा तपासायची त्या पेटीत सोयच नाही. त्यासाठी नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जातो. मागचा अहवाल दीड महिन्याने आला. तोवर त्याच पंपावर घागरी भरत होत्या.

साहेब, यावर एक उपाय आहे. डीएनएच्या धाग्यात थायमिन नावाचा एक घटक असतो; अशा दोन थायमिनांच्या मध्ये पाऱ्याचा आयन (विद्युतभारित कण) नेमका अडकतो. पट्टीवरच्या सोन्याच्या इवल्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा धागा बसवतात, त्याच्या टोकाला मिथिलीन ब्लू हा इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकणारा निळा रंग. पारा भेटला की धागा दुमडतो, निळं टोक सोन्याजवळ येतं आणि वीजप्रवाह वाढतो. शिशासाठी रचना वेगळी: शिसं असेल तरच जोडीचा धागा कापणारं डीएनए 1994 मध्येच तयार झालं आहे. मोजणारं यंत्र आशाताईंकडच्या शुगर तपासायच्या यंत्राएवढं करता येतं.

पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, पाऱ्याची 0.001. प्रयोगशाळेत असे संवेदक इतकं बारीक पकडतात. विहिरीचं पाणी मात्र प्रयोगशाळेतलं नसतं. त्यात क्षार असतात, लोह असतं, आणि गाळाला चिकटलेलं शिसं या धाग्याला सापडत नाही. म्हणून ही पट्टी लगेच राज्यभर वाटा, असं मी म्हणणार नाही.

राख तलावांशेजारच्या गावांत दोन पावसाळे चाचणी घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा व नागपुरातलीच पर्यावरण संशोधन संस्था नीरी यांना एकत्र बसवा. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा, एक पट्टीवर, एक प्रयोगशाळेत, आणि दोन्ही आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, जुळोत वा न जुळोत. पट्टी हाताळायला आमच्या ताई तयार आहेत, मी विचारलं आहे.

पहिला नमुना त्याच हातपंपाचा घ्यावा, ही विनंती. आजी रोज सकाळी सातला तिथे असतात.

आपली,
कन्हानकाठची एक शिक्षिका