पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना, अमळनेरहून

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आषाढात तुम्ही पेटी हाती दिलीत, आता दिवाळीही झाली. हे पत्र तेव्हाच लिहायचं होतं, पण लिहायला बसले की डोळे भरून यायचे.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर दोन वर्षं पेटी कपाटावर पडून होती. भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलं. पट्ट्या दाबल्या की वर येईनात. आप्पा होते तेव्हा दर गुरुवारी ओट्यावर भजन व्हायचं, पोरं टाळ वाजवायची. ते गेल्यावर जेवण झालं की जो तो मोबाईल घेऊन आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसू लागला.

तुमच्याकडे यायच्या आधी पेटी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात सात महिने होती. फोन केला की "पुढच्या आठवड्यात." परत आली ती वरून चकचकीत होऊन, पण आत दोन सूर घासून घासून पार बिघडवलेले. वर सल्ला, "टाकून द्या, कीबोर्ड घ्या." सुराची पितळी जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही, हे मला धुळ्यात तुमच्या बाकड्यावर बसून कळलं. त्या दुकानाचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही मात्र भात्यात हवा भरून कान लावलात आणि म्हणालात, "पेटीमा जीव शे आजून."

बाकीच्या कामाबद्दल मी काय लिहिणार, त्यातलं मला कळत नाही. पण तुमचा तो एक फोन मी विसरणार नाही. "ताई, पट्ट्यांवर पेन्सिलीनं सारेगम लिहिलंय. पुसू की राहू देऊ?" आणि मग थोडं थांबून, "सा काळी चारवर आहे. घरात कोणी बाई गायच्या का?"

काका, आम्ही ती अक्षरं वर्षानुवर्षं बघत होतो. आप्पांची पेटी, आप्पांच्या खुणा, एवढंच डोक्यात. आप्पा स्वतः काळी एकमध्ये, म्हणजे बऱ्याच खालच्या सुरात गायचे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. मी फोन हातात धरूनच सासूबाईंना विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लग्नानंतरच्या पहिल्या अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मला माहेरी जाता आलं नाही. झोका नाही, गौराईची गाणी नाहीत, मी रडत बसले होते. तेव्हा यांनी मला एकेक गाणं म्हणायला लावलं आणि पेटीवर चाली काढल्या. माझा आवाज तिथं बसतो म्हणून तिथं सा."

तुम्ही न विचारता फडकं फिरवलं असतं तर हे आईंबरोबरच गेलं असतं.

इथून जवळच, जळगावच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवली, म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली ती छापली गेली. घरातलं कोणीतरी कान देऊन ऐकतं तेव्हाच घरातलं गाणं टिकतं. आमच्याकडे आप्पांनी ऐकलं होतं, आणि आम्ही नुसते त्या खुणांवर बोटं ठेवत होतो.

या श्रावणात घरी कानबाईचे रोट, म्हणजे आमच्याकडचा देवीचा सण होता. रविवारी रात्रीच्या जागरणाला आई गायल्या आणि माझी लेक त्याच खुणांवर बोटं ठेवून साथीला बसली. चुकली की आई थांबायच्या, परत ओळ घ्यायच्या. माझा मुलगा दहावीत आहे, एरवी कानातून इअरफोन काढत नाही. तो पहाटेपर्यंत भाता हलवत होता. माझे पती आप्पांच्या जागी बसले आणि टाळ धरला. त्यांना गाताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

परक्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणारी माणसं अजून आहेत. तुम्हाला कदाचित ती गोष्ट आठवतही नसेल.

आईंनी निरोप सांगितला आहे. अखाजीला काकूंना घेऊन या, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस आहे. आणि तुम्ही बजावलं होतं तसं, ओल लागू नये म्हणून कूलरची खिडकी आणि पेटी यांच्यामध्ये आता अख्खी खोली आहे.

तुमची,
अमळनेरची ताई