धुरातही पाहायला शिकवणाऱ्या माझ्या प्रशिक्षकांस

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

हे पत्र खासगी न ठेवता सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण ज्या शिकवणुकीसाठी आपले आभार मानायचे आहेत तिचा संबंध विमानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी आहे, आणि तरीही वैमानिकांच्या वर्तुळाबाहेर तिची चर्चा फारशी होत नाही. कॉकपिटमध्ये दाट धूर भरला तर वैमानिकाने समोरचे कसे पाहायचे, हा तो विषय. अभ्यासक्रमाने त्याला जेवढा वेळ दिला होता त्याहून कितीतरी अधिक वेळ आपण दिलात, आणि तो आपल्या विश्रांतीतून काढलेला होता हे आम्हा विद्यार्थ्यांच्या लक्षात येत होते.

धुराचा विचार प्रशिक्षणात बहुधा ‘धूर बाहेर कसा घालवायचा’ एवढ्यावरच थांबतो. तीच हवा फिरवत राहणारे पंखे बंद करा, बाहेरच्या हवेचा ओघ वाढवा, गरज पडल्यास उंची कमी करून केबिनमधला दाब सोडा, अशी ती क्रमवार कृती आहे आणि ती योग्यच आहे. मात्र धुराचा उगम थांबला आहे असे तिच्यात गृहीत धरलेले असते, याकडे आमचे लक्ष प्रथम आपण वेधलेत. पॅनेलमागची तार जळत राहिली किंवा मालकक्षातली आग धुमसत राहिली, तर जेवढा धूर बाहेर जातो तेवढाच पुन्हा आत येतो. अशा वेळी इंजिने चालू असतात, पंख शाबूत असतात, सुकाणूही कदाचित हाताला साथ देत असते. पण हातभर अंतरावरचा वेगमापक दिसत नाही आणि त्यामुळे उडवता येण्याजोगे विमान उडवता येईनासे होते.

हे आपण केवळ तर्काने सांगितले नाहीत. ११ जुलै १९७३ रोजी रिओहून पॅरिसकडे आलेल्या, ब्राझीलच्या व्हारिग या विमानकंपनीच्या बोइंग ७०७ मध्ये स्वच्छतागृहातल्या आगीचा धूर कॉकपिटपर्यंत पोहोचला, उपकरणे दिसेनाशी झाली, वैमानिकांनी बाजूच्या खिडक्या उघडून बाहेर पाहत विमान ऑर्ली विमानतळाच्या अलीकडे शेतात उतरवले. विमानातल्या १३४ जणांपैकी ११ वाचले आणि त्यांतले दहा विमानाचे कर्मचारी होते. वैमानिक विमान जमिनीवर आणू शकले, पण तोवर मागच्या बहुतेक प्रवाशांना धुरानेच गाठले होते. म्हणून या अपघाताचा दाखला देताना ‘खिडकी उघडणे हा उपाय नव्हे, तो निरुपाय आहे’ असे आपण बजावत असा. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे मालवाहू बोइंग ७०७ बॉस्टनला उतरता उतरता कोसळले. मालातल्या नायट्रिक आम्लाच्या गळतीतून निघालेल्या धुराने कॉकपिट भरले होते आणि तिन्ही कर्मचारी मृत्युमुखी पडले.

पुढे ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या, यूपीएस या अमेरिकी मालवाहतूक कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानाचा अपघात आपण आम्हाला मिनिटामिनिटाने उलगडून दाखवलात. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. आग लागल्यावर काही मिनिटांतच कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला आणि ते जागा सोडून मागे गेले, ते परतलेच नाहीत. एकट्या उरलेल्या सहवैमानिकाला ना उपकरणे दिसत होती ना रेडिओचे आकडे, त्यामुळे त्याला फ्रिक्वेन्सी बदलता आली नाही, आणि स्वतःच्याच विमानाची उंची व वेग तो इतर विमानांमार्फत नियंत्रकांकडून विचारून घेत होता. तो भाग ऐकवून झाल्यावर आपण बराच वेळ काहीच बोलला नाहीत. आमच्यातही कोणाला बोलावेसे वाटले नाही.

त्यानंतर अशा धुरातही पाहता यावे यासाठीचे एक उपकरण आपण आमच्या हाती दिलेत. व्हिजनसेफ या कंपनीचे ‘ईव्हास’ प्रथम पाहणाऱ्याला हसू येते हे खरे आहे. जाड पुस्तकाएवढ्या पेटीतून पारदर्शक प्लास्टिकची एक मोठी पिशवी बाहेर पडते, बॅटरीवर चालणारा छोटा पंखा कॉकपिटमधलीच हवा गाळून तिच्यात भरतो, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ती वैमानिकाचा चेहरा, पॅनेल आणि समोरची काच यांच्यामधली जागा व्यापून बसते. वैमानिकाने पुढे झुकून धुरापासून डोळे वाचवणारा चष्मा पिशवीच्या पारदर्शक भागाला टेकवायचा. दुसरे टोक पॅनेलला आणि काचेला टेकलेले असते, त्यामुळे नजरेच्या वाटेत धूर उरतच नाही. ही पिशवी एक कणभरही धूर बाहेर घालवत नाही आणि ते तिचे काम नव्हेच. भरल्या धुरात ती स्वच्छ हवेची एक बोळ तयार करते, बस. गुंतागुंतीच्या इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या आमच्या कामाच्या जागेत इतकी साधी गोष्ट क्वचितच दिसते, आणि कदाचित म्हणूनच ती गांभीर्याने घेतली जात नाही, असे माझे मत आहे.

आपल्याविषयीचा माझा आदर वाढला तो मात्र आपण तिच्या मर्यादा सांगितल्यात तेव्हा. २ सप्टेंबर १९९८ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळलेल्या स्विसएअर १११ या उड्डाणाच्या विमानात आग कॉकपिटच्या छतातच पसरली होती आणि एकामागून एक यंत्रणा बंद पडत गेल्या. जे उपकरणच मेले आहे ते स्वच्छ दिसून काय उपयोग, असे आपण स्पष्ट म्हणालात. दुबईच्या विमानातही आगीने नियंत्रणाच्या तारा दुखावल्या होत्या, तेव्हा केवळ दिसल्याने ते वाचले असते असे छातीठोकपणे सांगता येत नाही. कॅनडाच्या तपासयंत्रणेने जुन्या अपघातांचा आढावा घेऊन काढलेला निष्कर्षही आपण फळ्यावर लिहून ठेवला होता: हवेतल्या आगीचा पहिला सुगावा लागल्यापासून विमान कोसळेपर्यंत ५ ते ३५ मिनिटे. म्हणजे पिशवी मिळाली की निवांत चेकलिस्ट वाचत बसावे, असा तिचा अर्थ होत नाही. तिने मिळणारी दृष्टी जवळच्या धावपट्टीकडे तातडीने वळण्यासाठी वापरायची.

आपल्या सरावाची पद्धतही नोंदवून ठेवण्यासारखी आहे. सिम्युलेटरमधला नाटकी धूर पुरेसा दाट नसतो म्हणून आपण आमच्या चष्म्यांवर अर्धपारदर्शक कागद चिकटवत असा, आणि त्या अवस्थेत हाताच्या स्पर्शाने मास्कची पेटी, ऑक्सिजनची कळ, पिशवीची पेटी व रेडिओची घुंडी शोधून दाखवायला लावत असा. क्रम चुकला तर आपण ओरडत नव्हता, फक्त सराव पहिल्यापासून सुरू करवत होता. मास्क आधी, बाकी सारे नंतर; एका हाताने पाच सेकंदांत लावता यावा असा तो बनवलेला असतो आणि तेवढ्याच वेळात लागलाही पाहिजे. कळ शंभर टक्के ऑक्सिजनवर आणि आणीबाणीच्या दाबावर, म्हणजे मास्कमध्ये व चष्म्यात धूर शिरणार नाही. पिशवी फुगताना सुकाणूत अडकू नये म्हणून तिला कोणत्या बाजूने वळवायचे, मास्कमधल्या श्वासाच्या आवाजात सहकाऱ्याशी तुटक पण स्पष्ट कसे बोलायचे, उतरण्याचा तक्ता पिशवीला टेकवून कसा वाचायचा, या गोष्टी आम्ही आपल्याकडूनच शिकलो. पिशवी प्रत्येक वैमानिकाला स्वतंत्र असते, तरी दोघांनी एकाच वेळी आपापल्या पिशवीत मान न घालता आधी एकाने विमान सांभाळायचे, ही सूचना ऐकायला किरकोळ वाटते, पण पहिल्या गोंधळात दोन माणसे नेमके तेच करतात.

मध्यंतरी एका उड्डाणात करपलेल्या तारेचा वास आला आणि पॅनेलखालून धुराची बारीक रेघ निघाली. काय झाले आहे याचा विचार सुरू होण्याआधीच आम्हा दोघांचे मास्क चढले होते. माझ्या हाताने ईव्हासची पेटी बघितल्याशिवाय चाचपली होती. तिची गरज पडली नाही. संबंधित वीजपुरवठा तोडल्यावर धूर थांबला आणि आम्ही जवळच्या विमानतळावर उतरलो. त्यात सांगण्यासारखे शौर्य काही नव्हते. परंतु त्या काही मिनिटांत मनाला जी स्थिरता होती ती माझी स्वतःची नव्हती, ती आपण दिलेली होती, आणि या पत्राचे निमित्त तेच आहे.

एक तक्रारही येथेच मांडते. अमेरिकी नियमांनुसार कॉकपिटमध्ये धोकादायक प्रमाणात धूर साचण्याची शक्यता असेल तर तो सहज बाहेर काढता आला पाहिजे. धूर निघत नसताना वैमानिकाला दिसले पाहिजे, यासाठी अशा उपकरणाची सक्ती मात्र नाही. दुबईच्या अपघातानंतर यूपीएसने आपल्या विमानांत ही यंत्रणा बसवली ती नियमाच्या बडग्याने नव्हे, तर वैमानिकांच्या संघटनेसोबत बसून केलेल्या विचाराने. वजन, जागा, खर्च आणि अशा घटनांची दुर्मीळता ही विरोधातली कारणे मला समजतात. मात्र दुर्मीळता हे कारण ऑक्सिजन मास्कलाही लावता आले असते, हा आपला युक्तिवाद मला अजून खोडता आलेला नाही.

शेवटी एक विनंती आहे. स्पर्शाने करायच्या त्या सरावाची आपली टिपणे हाताने लिहिलेली आहेत आणि ती आपल्याच कपाटात आहेत. आपण परवानगी दिलीत तर मी आणि माझे दोन सहकारी ती व्यवस्थित लिहून काढू, आकृत्यांसह आपल्याकडून तपासून घेऊ आणि नव्या तुकडीच्या हाती देऊ. पुढच्या महिन्यात आपल्या सोयीच्या दिवशी भेटीला येण्याची अनुज्ञा असावी.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी,
एक वैमानिक